दगडातला कापूस

ऑक्टोबर अर्धा सरला की मुंबईच्या उपनगरांत सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत हवा कोरडी होते. पुण्याइतकी नाही, पण दोरीवरचा टॉवेल दोन तासांत कडक होण्याइतकी. पावसाळ्यात फुगलेले ड्रॉवर पुन्हा सरकू लागतात. डब्यातलं मीठ मोकळं होतं. खुर्चीच्या रेक्झिनला पाठ चिकटते आणि ओठ मात्र सुकतात. लोक या दिवसांवर वैतागलेले असतात. या तीन तासांची रोज वाट पाहणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. यंदाही टॉवेल कडक झाला आणि तो आठवला.

काळ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला. अंधेरीच्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागात, मी वर्षभर डेमॉन्स्ट्रेटर होतो. पुढे वर्तमानपत्रात गेलो. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली, दोन काचेची कपाटं आणि विभागप्रमुख वैद्य बाई. खोलीच्या उत्तरेच्या खिडक्यांतून दूरवर टेकड्या दिसत. कांदिवली-मालाडच्या त्या टेकड्यांत तेव्हा दगडखाणी चालत. दुपारी सुरुंगाचा आवाज येई, तो इतक्या लांबून कुणीतरी जड पेटी जमिनीवर ठेवल्यासारखा वाटे. काळा दगड फुटे, त्याची खडी होई आणि त्या खडीवर उपनगराच्या इमारती उभ्या राहत.

त्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या असतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे त्यांत पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यानं आतल्या भिंतींवर स्फटिक वाढवले. कुठे पाण्यासारखा नितळ अपोफिलाइट, कुठे गव्हाच्या पेंढीसारखा बांधलेला स्टिल्बाइट, कुठे कच्च्या द्राक्षांच्या रंगाचा प्रेनाइट. सुरुंगानं दगड फुटला की त्यांच्यावर पहिल्यांदा उजेड पडतो. त्यानंतर बहुतेकांचं आयुष्य खडीच्या यंत्रापर्यंतचं असे. मुकादमाला हौस असली तर एखादा तुकडा गोणपाटात गुंडाळून आमच्या तिसऱ्या मजल्यावर येई.

वैद्य बाई पन्नाशीच्या, मुलुंडच्या. साडी सुती, चष्मा जाड, बोलणं मोजकं. दरवर्षी पहिल्या तासाला त्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगत. ‘दगड टणक असतो, स्फटिक टणक असेलच असं नाही. कुणी पाण्यात विरघळतो, कुणी आंबटानं झिजतो, कुणी उन्हात रंग सोडतो, कुणी गरम झाला की तडकतो. तेव्हा आधी ओळख, मग पाणी. ओळख पटली नसेल तर नुसतं पाहा.’

मागच्या बाकावर बादली घेऊन उभे असलेले परब हे ऐकत असत. दत्ताराम परब हे विभागाचे तात्पुरते परिचर. जुलैत रुजू झाले होते. मूळचे मालवणकडचे. एकोणीस वर्षं गिरणीत, सूत कातायच्या खात्यात. संपानंतर गिरणी उघडली तेव्हा त्यांचं नाव यादीत नव्हतं. मधली वर्षं त्यांनी मढला, शूटिंगला भाड्यानं जाणाऱ्या एका बंगल्यावर रखवालदारी केली. चारकोपच्या नव्या सेक्टरमध्ये घर, दोन मुली शाळेत. नेमणूक पहिल्या सत्राच्या शेवटच्या दिवसापर्यंतची होती. त्या दिवशी बाईंनी शिफारस लिहून दिली तर पुढचं सत्र आणि यथावकाश कायम नोकरी. नाही दिली तर पुन्हा मढ. हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं आणि परबांना तर होतंच. विद्यार्थी त्यांना परबमामा म्हणत. ते मला मास्तर म्हणत, त्यात आदर किती आणि थट्टा किती हे शेवटपर्यंत कळलं नाही.

‘मास्तर, ह्या दगडांका लेबल लावलेली हत, माका मात्र अजून नाय,’ असं ते एकदा हजेरीचा कागद भरताना म्हणाले.

गिरणीत खंडेनवमीला यंत्रं धुतली जात. माग पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून पूजा होई. आमच्या विभागातही सूक्ष्मदर्शक, तराजू, हातोड्या मांडून पूजा करायचा रिवाज होता. त्या वर्षी मांडणी परबांकडे होती. अष्टमीच्या दुपारी त्यांनी कपाटातले काही दगड बाहेर काढले. त्यांच्यावर लोखंडाचे तांबूस डाग होते. देवघरातली तांब्या-पितळेची भांडी सणाआधी चिंचेनं लखलखीत होतात, हे ज्या घरात माहीत नाही असं घर कोकणात नसावं. परबांनी घरून आणलेली चिंच कोमट पाण्यात कोळली आणि आधी गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक तुकडा त्यात ठेवून पाहिला. दोन तासांत तांबूसपणा बराच गेला. गारेला चिंचेचं काही होत नाही. म्हणजे इथवर त्यांचं चुकलं नव्हतं. एवढंच, की एक दगड धड निघाला म्हणून त्यांनी दुसरा त्याच पाण्यात ठेवला. तो मधाच्या रंगाचा, मुठीएवढा कॅल्साइट होता. पाण्यात बारीक बुडबुडे आले. मळ सुटतोय, असं समजून ते घरी गेले.

नवमीच्या सकाळी बाई आल्या. टेबलावर झेंडू, उदबत्ती, लख्ख पितळी तराजू आणि मधोमध कॅल्साइट. त्याची चमक गेली होती. पैलूंवर सायीसारखा पांढुरका थर, कडा उगाळल्यासारख्या बोथट. बाईंनी तो उचलला, खिडकीशी नेला, परत आणून ठेवला.

‘कशानं धुतलात?’

‘चिंचेनं, बाई. रातभर ठेवललो.’

‘हा चुन्याच्या जातीचा आहे, परब. आंबट त्याला खातं. लिंबू, व्हिनेगर, चिंच, काहीही.’

‘गारेवर करून बघितलं होतं. चांगली निघाली ती.’

‘ती गार होती. हा गार नाही.’ आवाज चढला नव्हता. ‘आजपासून तुम्ही कपाटातल्या कुठल्याही दगडाला हात लावायचा नाही.’

परबांनी मान हलवली. पूजा झाली. पेढा त्यांनी घेतला, पण खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

बाईंविषयी इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी तो कॅल्साइट फेकला नाही, लपवलाही नाही. नवं लेबल लिहून कपाटात दर्शनी ठेवला: ‘कॅल्साइट, कांदिवली. चिंचेच्या पाण्यात एक रात्र.’ नाव कुणाचंच नव्हतं. नंतरच्या काही पिढ्या आम्लाचा परिणाम त्या लेबलावरून शिकल्या. आज घरोघरी शोभेचे स्फटिक दिसतात. कुणी ते मिठाच्या पाण्यात बुडवतं, कुणी शुद्ध व्हावेत म्हणून दिवसभर उन्हात ठेवतं. जांभळी गार महिन्या-दोन महिन्यांच्या उन्हानं फिकी पडते आणि मग दुकानदाराला दोष मिळतो. अशा घरांत गेलं की ते लेबल आठवतं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी खाणीवरून एक मुकादम स्वतः आला. खोकं दोन्ही हातांनी धरून, तीन जिने चढून. आत कलिंगडाच्या अर्ध्या फाकेएवढी पोकळी होती आणि तिच्या तळाशी दहाबारा गोळे. उंदराच्या पिलांसारखे करडे.

‘कापूस आहे बाई,’ मुकादम म्हणाला. ‘आमच्याकडे कापूसच म्हणतात. पण सुरुंगाची धूळ बसली सगळी.’

तो ओकेनाइट होता. केसाहून बारीक तंतूंचे गोळे; दिसतात पिंजलेल्या कापसासारखे, असतात दगडाचे. मुंबईच्या खाणींतले ओकेनाइट जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. बोट लावलं की तंतू मोडतात आणि मोडलेले पुन्हा उभे राहत नाहीत. पाणी लागलं तर एकमेकांना चिकटून गुठळी होते. ब्रश चालत नाही, कापड चालत नाही. एका गोळ्यावर अंगठ्याएवढी जागा चपटी होती. खाणीत कुणीतरी मऊ आहे का ते पाहिलं होतं. पोकळीच्या कडेला बोटाच्या पेराएवढा, पाण्यासारखा एक अपोफिलाइट होता. धुळीखाली तोही आंधळा.

सत्राच्या शेवटच्या शनिवारी विद्यापीठाची समिती येणार होती. पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत विषय शिकवायची परवानगी द्यायची की नाही, हे ती ठरवणार होती. संग्रह पाहणार होती. असा नमुना शहरातल्या मोठ्या कॉलेजांकडेही नव्हता, पण या अवस्थेत तो दाखवणं म्हणजे निष्काळजीपणाचा पुरावा दाखवणं. बाईंनी दोन दिवस त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘आत ठेवून द्या. याला काही करता येणार नाही.’

परब खिडकी पुसत होते. पुसत असतानाच बोलले. ‘बाई, माका हात लावूची बंदी आसा.’

‘आहे.’

‘ह्याका पण हात लावूचो नाय.’

‘नाही लावायचा.’

‘मग मी करतंय. हात नाय लावणार.’

बाई हसल्या नाहीत, पण नकारही दिला नाही. ‘कसं करणार ते आधी सांगा. लगेच नको. उद्या.’

दुसऱ्या दिवशी परब रिक्षाच्या भोंग्याचा काळा रबरी फुगा घेऊन आले. उपनगरातल्या रिक्षांना तेव्हा हे भोंगे असत. पितळी कर्णा, मागे फुगा. चारकोपच्या एका मेकॅनिककडून नवा फुगा आणि तोंडाला काचेची बारीक नळी.

‘मामा, रिक्षा कुठे लावलीत?’ एका विद्यार्थ्यानं विचारलं.

‘खाली आसा. तुझो नापासाचो कागद घेऊन वर येतली,’ परब म्हणाले आणि बाईंकडे वळून सांगू लागले. गिरणीत चात्यांवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या सळयांवर, तूस बसतं, कापसाची बारीक लव. ते बोटानं काढलं तर धागा तुटतो. म्हणून हवेनं उडवायचं, पण थेट समोरून नाही. धाग्याच्या दिशेनं फुंकलं तर धागा फुगतो, आडवं फुंकलं तर मोडतो. तिरकं, बुडाकडून टोकाकडे. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. ‘गिरणीत हवा ओली ठेवत, बाई, सूत तुटू नये म्हणून. हयसर उलटा. सुकी हवा होयी. अकरा ते दोन.’

बाईंनी फक्त एक शंका काढली. ‘फुगा नवा आहे. आत पावडर असते.’

‘असता. तीन वेळा धुतलंय. दोन दिवस सुकात ठेवतंय. मग काळ्या कागदावर दाबून बघतंय. कागदावर एक कण पडलो तर आणखी एक दिवस.’

बाईंनी टेबलाची जागा दाखवली.

पुढचे आठ दिवस खोलीत सत्र परीक्षेमुळे वर्ग नव्हते. फुगा सुकल्यावर रोज साडेदहाला परब खिडक्यांच्या कड्या पाहत, पंखा बंद करत. अकराला बसत. मी दगड काळ्या कागदावर मांडून देई, एका बाजूला किंचित कलंडवलेला, खाली लाकडाची पाचर. उडालेली धूळ पुन्हा पोकळीत न पडता बाहेर पडावी म्हणून. फुगा उजव्या हातात, पूर्ण दाबायचा नाही, चौथाई. फुस्स. थांबायचं. कागदावर काय पडलं ते भिंगातून पाहायचं. राखाडी कण असला तर ठीक. पांढरा तंतू दिसला तर नळी आणखी दूर. पाचेक मिनिटांनी डोळ्यांवर पाण्याचा हात फिरवायला ते खोलीबाहेर जात. हात वाळल्याशिवाय परत टेबलाशी येत नसत. अंगात फक्त बनियन, खांद्यावरचा पंचाही काढून दगडापासून चार हात लांब ठेवलेला, कारण पंचाची लवसुद्धा उडते. अशी शिस्त मी नंतर मोठमोठ्या कचेऱ्यांतही पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी पहिला गोळा पांढरा झाला. एकदम नाही. आधी टोकं उजळली, मग तंतूंच्या मधली जागा. करड्या वस्तीत एक दिवा लागल्यासारखा तो दिसत होता. मी बाईंना बोलावून आणलं. त्या पाच मिनिटं वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘त्या डाव्या गोळ्याच्या बुडाशी चिकटलेलं आहे, ते राहू दे.’

‘राहू देतंय. ओढला तर मुळापासून येतला.’

काय सोडून द्यायचं हे कळणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. अंगठ्यानं चपटी झालेली जागा तशीच राहिली. परबांनी तिच्याकडे फुगा वळवलाही नाही.

दुपारी दोनला काम थांबे. दगडावर कागदाची टोपी ठेवली जाई, टाचण्यांवर उभी, कुठेही न टेकणारी. खोक्यात घालताना विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी खाली-वर कापूस भरायला निघालं होतं. परबांनी अडवलं. ‘कापसात कापूस घालू नको रे. धागो धाग्यात अडाकलो तर कोण सोडवतलो?’ हे बाईंच्या वहीतही होतं. सुईसारख्या स्फटिकांना कापसात बांधू नये, तंतू अडकून टोकं मोडतात. परबांनी ती वही वाचलेली नव्हती.

आज त्या टेकड्यांच्या जागी टॉवर आहेत. खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचलं, मग भराव पडला, मग पाट्या लागल्या. आता तिथून नवा कापूस येणं नाही. जो आहे तो जपला गेला म्हणून आहे, आणि जपणारे बहुतेक असेच होते: पगारपत्रकाच्या तळाशी नाव असलेले, हातांना काय करायचं नाही हे ठाऊक असलेले. आपण घडवणाऱ्यांचं कौतुक करतो. न बिघडवणं हेही काम आहे आणि ते दिसत नाही. दिसतो तो फक्त धड राहिलेला दगड.

शनिवारी समिती आली. तिघे जण, अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक. सकाळपासून ढगाळ होतं, खोलीत उजेड कमी. वर पंखा पूर्ण वेगात. ओकेनाइट पेटीतून काढून टेबलावर ठेवला तेव्हा तिघेही खुर्च्या सोडून जवळ आले. दहाबारा शुभ्र गोळे, मध्ये पोकळीची हिरवट भिंत, कडेला तो अपोफिलाइट, आता नितळ.

‘नीट दिसत नाही,’ अध्यक्ष म्हणाले. ‘दिवा आणा जरा. फोटो घेऊ.’

शंभरच्या बल्बचा टेबल लॅम्प होता. सदस्यांपैकी एकानं तो ओढून पेटवला आणि मान वाकवून दगडावर आणला. वीतभर अंतर.

‘नको साहेब,’ परब म्हणाले.

सगळे वळले. परब कपाटापाशी, गणवेशात, हात मागे बांधून उभे होते.

‘दोन मिनिटांचा प्रश्न आहे, परब,’ बाई हलकेच म्हणाल्या. ‘असू दे.’

त्या दिवशी सत्र संपत होतं. शिफारशीचा फॉर्म बाईंच्या टेबलावर कोरा पडला होता, परबांनी तो सकाळी स्वतःच ऑफिसातून आणला होता. ते एक पाऊल पुढे आले.

‘नाय बाई. कापसाक काय होवचा नाय कदाचित. पण कडेचो तो तडाकतलो. त्याच्या पोटात पाणी आसा. तुम्हीच सांगितलंत पोरांना, गरम झालो की पापुद्रे सुटतत म्हणून.’ मग अध्यक्षांकडे पाहून, शहरी मराठीत, ‘रागवू नका साहेब. मी हे ठेवू देणार नाही.’

लॅम्प पेटवणाऱ्या सदस्याचा हात बटणावरच होता, पण त्यानं दिवा बंद केला नाही. तो बाईंकडे पाहत होता. बाईंनी पुढे होऊन लॅम्प बंद केला. प्लगही काढला. मग परबांना विचारलं, ‘कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा.’

‘खिडकीपाशी. बाजूला पांढरा कागद उभा धरा, उजेड परत येईल. आणि आधी पंखा बंद करा. पात्यांवरची धूळ ह्याच्यावर पडता.’

पंख्याच्या बटणाकडे अध्यक्ष स्वतः गेले. पंखा थांबायला वेळ लागला. परबांनी दगड खालून, काळ्या भागाला दोन्ही तळवे लावून उचलला आणि खोलीची लांबी चालून खिडकीशी ठेवला. बंदी असलेल्या हातांनी, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कागद धरला. ढगांआडून आलेला सौम्य उजेड कागदावरून परतून पोकळीत शिरला आणि गोळ्यांमधला एकेक तंतू वेगळा दिसू लागला. तिन्ही पाहुणे ओळीनं वाकून पाहत होते. न सांगता तिघांनीही हात पाठीमागे बांधले होते.

उकाडा असा होता की चष्मे धुरकट होत होते. बाई आपल्या टेबलाशी गेल्या, बसल्या नाहीत, उभ्यानेच फॉर्म ओढून लिहू लागल्या. लिहिताना हनुवटीवरून घामाचा थेंब कागदावर पडला. ‘परब’ या नावाच्या शेवटी शाई पसरली.

‘दुसरा फॉर्म आणू का?’ मी विचारलं.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘वाचता येतंय.’